खाली मंडई, वर मेजवानी

दुपारी दोनच्या सुमाराला फ्लोरेन्सच्या मध्यवर्ती मंडईत, म्हणजे सान लोरेन्झो भागातल्या 'मेर्कातो चेन्त्राले'त, तळमजल्यावर आवराआवर सुरू होते. खाटीक आपले ओंडके घासून काढतात, मासेवाले उरलासुरला बर्फ ओतून टाकतात, भाजीचे रिकामे क्रेट एकावर एक चढतात. त्याच वेळी वरच्या मजल्यावर बसायला खुर्ची मिळत नसते. तिथे पास्ता उकळत असतो, भट्टीतून पिझ्झा निघत असतो आणि ही वर्दळ मध्यरात्रीपर्यंत चालते. खालचा बाजार रविवारी बंद असतो, वरचा आठवड्याचे सातही दिवस उघडा. 1874 सालच्या एकाच लोखंडी छपराखाली असे दोन बाजार आज शेजारधर्माने राहतात.

वरचा मजला 2014 पूर्वी अनेक वर्षं ओस पडला होता. त्याचं नूतनीकरण इतकं गाजलं की जुन्या मंडईचं काय करावं हा प्रश्न पडला की इटलीत आता फ्लोरेन्सचं नाव हमखास निघतं. इमारत वाचली, हे उघड आहे. मंडई वाचली का, या प्रश्नाचं उत्तर मात्र एका फेरफटक्यात मिळत नाही. त्यासाठी ही वास्तू मुळात का उभी राहिली तिथपासून सुरुवात करायला हवी.

1865 ते 1871 अशी सहा वर्षं फ्लोरेन्स नव्याने एक झालेल्या इटलीची राजधानी होतं. राजधानीला शोभेल असं शहर घडवण्याचं काम वास्तुविशारद जुझेप्पे पोज्जी यांच्याकडे आलं. त्यांनी जुना तट बहुतेक ठिकाणी पाडून रुंद रस्ते आखले. शहराचा खाद्यबाजार तेव्हा 'मेर्कातो वेक्कियो' या जुन्या बाजारात भरत असे. रोमन काळात जिथे शहराचा मुख्य चौक होता, नेमका तिथेच. तिथे मासळीसाठी वासारीने सोळाव्या शतकात बांधलेली कमानींची ओवरी होती. एका उंच खांबावर दोनातेल्लोने घडवलेली समृद्धीची मूर्ती होती. ऊनपावसाने झिजून ती 1721 मध्ये कोसळली आणि तिच्या जागी फोज्जिनी या शिल्पकाराची मूर्ती बसवण्यात आली. बाजाराला लागूनच 1571 पासूनची ज्यूंची वस्ती होती, अरुंद बोळांची आणि दाटीवाटीची. तेलेमाको सिन्योरिनी या चित्रकाराने हे बोळ पाडले जाण्याआधी रंगवून ठेवले. ती चित्रं पाहिली की शहराने सुधारणेच्या नावाखाली काय गमावलं ते कळतं.

नव्या, झाकलेल्या मंडयांचं काम जुझेप्पे मेंगोनी यांना मिळालं. मिलानमधल्या काचेच्या छताच्या 'गॅलेरिया व्हित्तोरियो एमान्युएले'चे हेच वास्तुविशारद. फ्लोरेन्समध्ये त्यांनी सान लोरेन्झोची मोठी मंडई उभारली आणि शहराच्या पूर्व भागात सान्ताम्ब्रोजोची लहान मंडई 1873 मध्ये पूर्ण केली. डोळ्यांसमोर नमुना होता पॅरिसचा. व्हिक्तोर बाल्तार यांनी बांधलेल्या 'ले आल'च्या बाजारपेठेने लोखंड आणि काच या दोनच गोष्टींतून केवढं मोकळं, उजेडाचं दालन उभं राहू शकतं हे दाखवून दिलं होतं. मेंगोनींनी बाहेरून खाली दगडी कमानी दिल्या, म्हणजे इमारत फ्लोरेन्सच्या जुन्या वाड्यांच्या पंगतीत शोभावी. त्यावर बिडाचे खांब आणि काच चढवली. उंची भरपूर ठेवली. मांस-मासळीच्या बाजारात हवा खेळती राहणं ही चैनीची बाब नव्हती, आरोग्याची होती.

मंडईसाठी जी जागा मोकळी केली, तिथे 'कामाल्दोली दी सान लोरेन्झो' नावाची गोरगरिबांची वस्ती होती. ती पाडली गेली. इमारतीचं कौतुक करताना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून ती इथे सांगायला हवी. 1874 मध्ये आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या प्रदर्शनाने नव्या वास्तूचं उद्घाटन झालं. तोवर राजधानी रोमला जाऊन तीन वर्षं झाली होती. मेंगोनींनाही पुढे फार आयुष्य लाभलं नाही. 30 डिसेंबर 1877 रोजी मिलानच्या गॅलेरियाच्या प्रवेशकमानीवरून पडून त्यांचा मृत्यू झाला.

जुना बाजार 1885 नंतरच्या दशकात जमीनदोस्त झाला. त्या जागी आज 'पियात्झा देल्ला रेपुब्लिका' हा ऐसपैस चौक आहे आणि शतकांच्या बकालीतून शहराला नवं जीवन मिळाल्याची ग्वाही देणारी 1895 ची भव्य कमान. वासारीच्या ओवरीचे दगड मात्र जपून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती पियात्झा देई चोंपीत पुन्हा उभी राहिली. समृद्धीचा खांबही चौकाच्या कोपऱ्यात परत आला, त्यावर फोज्जिनीच्या मूर्तीची प्रतिकृती आहे.

बाजार छपराखाली आणण्याचा विचार त्या काळात जगभर फिरत होता. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट 1869 चं, म्हणजे सान लोरेन्झोपेक्षा पाच वर्षांनी थोरलं. पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा बाजार 1886 मध्ये नव्या मंडईत गेला. त्या मंडईवरच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्चावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. बाजार छपराखाली आणण्याचा खर्च कुणाच्या खिशातून आणि कुणासाठी, हा प्रश्न तेव्हाही होता.

सान लोरेन्झोच्या तळमजल्यावर शिरलं की पहिली रांग दिसते ती 'नेरबोने'च्या गाळ्यासमोर. हा गाळा 1872 पासूनची परंपरा सांगतो, म्हणजे इमारतीच्या उद्घाटनाच्याही आधीपासूनची. इथलं खाणं दोन-तीन प्रकारांचंच, पण त्यासाठी लोक सकाळी दहापासून उभे असतात. उकडलेल्या गोमांसाचा पाव, किंवा 'लाम्प्रेदोत्तो'चा. लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या जठराची वजडी. टोमॅटो, कांदा, सेलेरी आणि पार्स्ली घातलेल्या पाण्यात ती मऊ होईपर्यंत शिजवायची, सुरीने बारीक कापायची, मीठ-मिरपूड भुरभुरायची, पार्स्लीची हिरवी चटणी आणि हवी असल्यास तिखट चटणी घालायची. गिऱ्हाइकाने हो म्हटलं की पावाचा वरचा अर्धा भाग रश्श्यात बुडवून मग झाकायचा. ज्यांच्या वाट्याला चांगलं मांस कधी आलं नाही, त्या कामकऱ्यांचं हे खाणं. उंची हॉटेलांनी ते अलीकडे उचललं असलं, तरी त्याची खरी जागा अजून रस्त्यावरची गाडी आणि मंडईतला गाळाच आहे.

पुढच्या गल्लीत खाटकांकडे कियानिना जातीच्या धिप्पाड पांढऱ्या बैलांचं मांस टांगलेलं असतं. फ्लोरेन्सचं प्रसिद्ध 'बिस्तेक्का' त्यातूनच कापतात, बोटभराहून बरंच जाड आणि हाडासकट. शेजारी बडीशेप घातलेली 'फिनोक्कियोना' सलामी, मेंढीच्या दुधाचं 'पेकोरिनो' चीज, वाळवलेल्या पोर्चिनी अळंब्या. भाजीच्या गाळ्यावर थंडीच्या दिवसांत 'कावोलो नेरो'च्या जुड्या येतात, काळपट हिरव्या, सुरकुतलेल्या लांब पानांच्या. ही कोबीच्याच कुळातली पालेभाजी. ती, पांढरा राजमा आणि शिळा पाव एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलं की 'रिबोल्लिता' होते. फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे त्या तोस्कानातला पाव बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला तो फिका वाटतो, पण खारट सलामीबरोबर किंवा रिबोल्लितात तो का हवा ते लगेच पटतं. शिळं टाकायचं नाही, हा या स्वयंपाकघराचा पाया आहे. म्हणून तो समजून घ्यायचा तर ताट नव्हे, कच्चा माल पाहावा लागतो.

मेंगोनींच्या मूळ दालनात वरचा मजला नव्हताच. जमिनीपासून छपरापर्यंत सगळी मोकळी उंची होती. 1970 च्या दशकात मोठं काम निघालं. मध्ये एक मजला घातला गेला, खाली तळघरात वाहनतळ आला आणि 1980 मध्ये मंडई नव्या रूपात उघडली. भाजी-फळांचे गाळे वरच्या मजल्यावर गेले. ही चूक होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिने चढायला कुणाला आवडतं? त्यातच सुपरमार्केटं आली. एकेक करून वरचे गाळे बंद झाले आणि शहराच्या ऐन मध्यातलं एवढं मोठं दालन रिकामं पडलं. तरीही फ्लोरेन्सने ते पाडलं नाही, ही मोठी गोष्ट. ज्या पॅरिसकडे पाहून मेंगोनींनी आराखडा काढला, त्या पॅरिसने आपल्या 'ले आल'च्या दालनांवर 1971 मध्ये हातोडा चालवला होता.

2014 च्या वसंतात, मंडईच्या 140 व्या वर्षी, वरचा मजला पुन्हा उघडला. पुढाकार होता फ्लोरेन्समध्ये हॉटेलं चालवणारे उम्बेर्तो मोन्तानो आणि कार्दिनी-वान्नुक्की या उद्योगसमूहाचा. आराखडा 'आर्केआ असोचियाती' या वास्तुविशारदांचा. सुमारे 3,000 चौरस मीटरच्या या मजल्यावर त्यांनी जुना सांगाडा मुद्दाम उघडा ठेवला. लोखंडी कैच्या, काच आणि वरून येणारा उजेड यांच्यापुढे बाकी सगळं नमतं घेतं. मधोमध सगळ्यांना सामाईक टेबलं आणि कडेने गाळे. एका गाळ्यावर एकाच प्रकारचं काम, कुणी फक्त पाव भाजणार, कुणी फक्त मासळी तळणार. पाटीवर कंपनीच्या नावाऐवजी त्या कारागिराचं नाव, आणि तो समोर उभा राहून काम करणार. वेगवेगळ्या गाळ्यांवरून घेतलेलं खाणं एकाच टेबलावर आणता येतं, त्यामुळे घरातल्या चौघांनी चार गोष्टी मागितल्या तरी अडत नाही. आवाज खूप असतो, गर्दी अंगावर येते. पण अन्न चांगलं आहे, आणि ते रांधणारे हात दिसतात.

याच नावाने पुढे रोमच्या तेर्मिनी स्थानकात 2016 मध्ये, तोरिनोच्या पोर्ता पालात्झो चौकात 2019 मध्ये आणि मिलानच्या मध्यवर्ती स्थानकात 2021 मध्ये अशीच दालनं निघाली. 2024 मध्ये तर थेट मेलबर्नमध्ये. तोरिनोचा पोर्ता पालात्झो हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक, तेव्हा तिथल्या नव्या दालनाला बाजाराचा शेजार तरी आहे. स्थानकातल्या दालनांना तोही नाही. नाव बाजाराचं, पण कच्चा कांदा विकत घ्यायला तिथे कुणी जात नाही.

फ्लोरेन्सचं वेगळेपण तळमजल्यात आहे. वरची गर्दी येता-जाता खाली रेंगाळते, चीज घेते, वाळवलेले टोमॅटो घेते. पण त्याच गर्दीमुळे खालचे गाळेही हळूहळू पालटू लागतात. भेट म्हणून नेता येईल अशा, बांधलेल्या पुड्या आणि बाटल्या वाढतात, रोजच्या भाजीची जागा आक्रसते. आणि यात गाळेवाल्यांना दोष देता येत नाही. ऐतिहासिक मध्यात राहणाऱ्यांची घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली, तर राजमा भिजत घालणार कोण?

नगरपालिकेला हे कळत नाही असं नाही. सान लोरेन्झोच्या बासिलिकाला, म्हणजे मोठ्या चर्चला, चिकटलेल्या चामड्याच्या वस्तूंच्या टपऱ्या तिने जानेवारी 2014 मध्ये विक्रेत्यांचा विरोध पत्करून हलवल्या. 2016 मध्ये कॅथेड्रलच्या चौकात मॅकडॉनल्ड्सला परवानगी नाकारली आणि कोर्टकज्जा ओढवून घेतला. 2018 मध्ये उफ्फीझी संग्रहालयाजवळच्या चार रस्त्यांवर जेवणाच्या वेळी पदपथावर बसून खाणाऱ्यांना दंड लावला. पण मुळाशी हात घालणारा निर्णय 2023 चा आहे. ऐतिहासिक मध्यात पर्यटकांसाठी नवी अल्पमुदतीची भाड्याची घरं सुरू करायला तेव्हा बंदी आली. मंडईचं रक्षण घरांच्या धोरणातून होतं, हे फार कमी शहरांच्या ध्यानात आलं आहे.

रहिवासी निघून गेले की काय होतं, ते व्हेनिसच्या रिआल्तोत दिसतं. ग्रँड कॅनॉलच्या काठावरच्या दिमाखदार मासळीबाजाराची इमारत शाबूत आहे, पण मासेवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. जुन्या व्हेनिसची लोकसंख्या 2022 मध्ये 50,000 च्या खाली गेली. याच्या उलट मोदेनाचा 1931 सालचा 'अल्बिनेल्ली' बाजार. तिथे कसलाही गाजावाजा नाही, गावकरी सकाळी येतात, भाजी घेतात, कॉफी पितात, जातात. जेनोवाचा 'ओरिएन्ताले' बाजार 1899 पासून ऑगस्टिनी मठाच्या आवारात भरतो. तिथे 2019 मध्ये मधल्या गोलात खाण्याचं दालन निघालं आणि भोवतीच्या वर्तुळात भाजी-मासळी चालू राहिली. ही मांडणी फ्लोरेन्सपेक्षा उजवी म्हणावी लागेल, कारण खायला आलेल्या माणसाला भाजीच्या गाळ्यांवरूनच आत जावं लागतं.

खुद्द फ्लोरेन्समध्ये मेंगोनींची धाकटी मंडई, सान्ताम्ब्रोजो, अजून शेजारपाजारच्यांचीच आहे. बाहेर ताडपत्रीखाली भाजी-फळं, आत मांस, मासे, चीज आणि चार टेबलांची खानावळ. तिच्या वाट्याला सान लोरेन्झोसारखा गाजावाजा आलेला नाही, पण सकाळी तिथे गिऱ्हाईक आणि भाजीवाली एकमेकांना नावाने हाक मारतात. सान लोरेन्झोच्या वरच्या मजल्याला हे मिळवता येणार नाही, आणि त्याने तसा दावाही करू नये. त्याचं श्रेय एवढंच आणि ते कमी नाही, की कुलूपबंद दालन त्याने उजेडात आणलं आणि तळमजल्याला थोडा अवधी मिळवून दिला.

फ्लोरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने सोमवार ते शनिवार यांतली एक सकाळ या मंडईसाठी ठेवावी आणि जिना चढण्याआधी तळमजला पुरता फिरावा. मुक्कामाच्या जागी चूल असेल तर पाव किलो पांढरा राजमा, कावोलो नेरोची एक जुडी आणि बिनमिठाचा पाव विकत घ्यावा, आणि त्या संध्याकाळी स्वतः रांधावं.