विम्यात खाट मिळते, रोजच्या गोळीचे काय?

परवा एक आई दवाखान्यात आल्या. मुलगा तिशीच्या आतला, स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. सहा महिन्यांपूर्वी दाखल करून चांगला सुधारून घरी आणला होता. आता पुन्हा रात्रभर जागतो, जेवणात विष घातले म्हणतो. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद! "डॉक्टर, आयुष्मानचे कार्ड दाखवले, तर मेडिकलवाला हसला," त्या म्हणाल्या.

हा घोटाळा अनेक घरांत होतो. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती महात्मा फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मानसिक आजारही तिच्या यादीत आहेत. परंतु हा विमा रुग्ण दाखल झाला तरच उपयोगी पडतो. घरी सोडताना काही दिवसांची औषधे मिळतात, पुढे खर्च आपला. अपेंडिक्सच्या रुग्णाला एवढे पुरते; टाके निघाले, काम संपले. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचे तसे नाही. मधुमेहासारखी रोज गोळी, बहुतेकांना वर्षानुवर्षे. ती सुटली की आजार उलटतो, रुग्ण पुन्हा दाखल होतो आणि तोच विमा पुन्हा खाटेचे पैसे भरतो. हा हिशेब मला तरी उलटा वाटतो.

खासगी मेडिक्लेमही बहुधा दाखल होण्यापुरताच असतो. मात्र मानसिक आजार आहे म्हणून विमा कंपनीला वेगळी वागणूक देता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसे स्पष्ट कलम आहे.

मग गोळ्या कोठून आणाव्यात? राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अडचण आहे ती घोडबंदर रस्त्याची. भाईंदरहून जाऊन येईपर्यंत दिवस मोडतो आणि रोजंदारी बुडते. म्हणून निदान महिन्याची औषधे एकदम मागून घ्यावीत.

आपल्या गावात स्टीलच्या गाळ्यांत काम करणारी कुटुंबे पुष्कळ. त्यांपैकी ज्यांचा पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांना बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही मिळतात. कामगार स्वतःच मनोविकाराने आजारी असेल, तर अटी पूर्ण केल्यावर पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. शिवाय मानसिक दुर्बलतेमुळे पूर्णपणे आईवडिलांवर अवलंबून असलेला मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाली, तरी त्यांना कुटुंबात धरता येते. हे फार थोड्यांना माहीत असते.

त्या बाईंना विचारले, "यजमानांचा ईएसआय कापतात का?" त्यांनी पिशवीतून कार्ड काढले. त्यावर मुलाचे नाव नव्हते. मोठा झाला म्हणून कोणी घातलेच नव्हते. मनोविकारतज्ज्ञाचा दाखला घेऊन यजमानांना ईएसआयच्या कार्यालयात जायला सांगितले आहे. तोवर ठाण्याला जाण्यासाठी चिठ्ठी दिली. रात्री मुलगा अनावर झाला, तर सल्ल्यासाठी सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही लिहून दिला. तेथे मराठीत बोलता येते.