शेतकरी आणि हेत्वाभास

शेतीचा धंदा जितका कष्टाचा, तितकाच विचाराचाही आहे, हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कोणतें बियाणें पेरावें, कोणतें खत द्यावें, कर्ज किती काढावें, हे निर्णय प्रत्येक हंगामांत करावेच लागतात. आणि निर्णय चुकला, तर त्याचा दंड वर्षभर सोसावा लागतो. पुष्कळदां ही चूक माहितीच्या अभावामुळें होत नाहीं, तर असलेल्या माहितीवरून भलतें अनुमान काढल्यामुळें होते. वरवर पाहतां सबळ, परंतु वस्तुतः पोकळ असें जें कारण, त्यास आपल्या नैयायिकांनीं ‘हेत्वाभास’ हें नांव दिलें असून गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्या शास्त्रीय वर्गीकरणांत न शिरतां, शेतकऱ्यास नित्य गांठणाऱ्या अनुमानाच्या तीन चुका येथें मांडतों.

पहिली चूक काकतालीय न्यायाची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली, तर फांदी कावळ्यानें मोडली असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं. पण शेतांत आलों कीं आपण हेंच म्हणतों. पिकावर एखादें महागडें टॉनिक फवारलें, चार दिवसांनीं पाऊस झाला, पीक टवटवीत झालें, आणि श्रेय मात्र बाटलीस मिळालें! पुढील वर्षीं साऱ्या गांवानें ती बाटली घेतली. एक गोष्ट दुसरीच्या मागून घडली, एवढ्यानें ती तिच्यामुळेंच घडली असें ठरत नाहीं. उपाय सोपा आहे. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें १८४३ सालीं गव्हाच्या खतांचे जे प्रयोग सुरू झाले व जे आजही चालू आहेत, त्यांत एक पट्टा मुद्दाम बिनखताचा राखलेला आहे. खतांचा गुण त्या पट्ट्याशीं ताडून पाहतात. आपणही त्याच जमिनींत, त्याच दिवशीं पेरलेल्या त्याच वाणांत, तीन-चार ठिकाणीं कांहीं ओळी टॉनिकावांचून सोडाव्या आणि दोहोंचें उत्पन्न वेगवेगळें तोलावें. एकाच ठिकाणीं ओळी सोडल्यास ती जागा मुळांतच कसदार अथवा हलकी निघण्याचा संभव असतो.

दुसरी चूक थोडक्यावरून सर्वांचें अनुमान करण्याची. ही मीं स्वतः केलेली आहे. महसुली नोकरींत कारकून असतांना एका वर्षीं पैसेवारीच्या पाहणीस निघालेल्या मंडळींबरोबर मी होतों. ऊन फार, वेळ थोडा. रस्त्याच्या कडेचीं विहिरीवरचीं शेतें पाहिलीं. ज्वारी डौलानें उभी होती. त्यावरूनच मीं सबंध गांवाचा आंकडा तयार केला, आणि तो ५० पैशांच्या वर गेला. ५० च्या आंत राहता, तर जमीन महसुलांत सूट, मुलांना परीक्षा शुल्काची माफी, पंपाच्या वीजबिलांत सवलत, इतकें त्या गांवाच्या पदरीं पडलें असतें. पुढें एक वृद्ध शेतकरी कचेरींत आले व शांतपणें म्हणाले, “भाऊसाहेब, रस्त्याकडची ज्वारी तुम्हीं पाहिलीत, ओढ्यापलीकडचा आमचा माळ कोणीं पाहिला?” मजजवळ उत्तर नव्हतें. अंतिम पैसेवारी जाहीर होऊन गेली होती. तो प्रश्न निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडीत नाहीं.

हाच दोष टाळण्यासाठीं पीक कापणी प्रयोगांत शेत डोळ्यांस भरेल तें घेत नाहींत. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणें यदृच्छेनें निवडतात, त्यांतील कापणीचा तुकडाही तसाच ठरवितात, आणि मग धान्य तोलतात. ही पद्धत आपल्या देशांत रूढ करणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे प्रमुख होते. आपल्यापुरता बोध हा कीं, नवें वाण पाहावयास गेल्यास विक्रेता दाखवील तेवढेंच शेत पाहून परतूं नये; ज्यांचें तें वाण फसलें, त्यांच्याही बांधावर जावें.

तिसरी चूक बुडालेल्या पैशामागें पैसा घालण्याची. पहिल्या बोअरला पाणी लागलें नाहीं; ‘एवढा खर्च झाला, आतां माघार कशी घ्यावी?’ म्हणून दुसरी, मग तिसरी. वास्तविक गेलेला पैसा, पुढें खर्च करा अगर न करा, गेलेलाच आहे. आज हातीं असलेल्या रकमेनें या जागीं पाणी लागण्याचा संभव किती, आणि तीच रक्कम अन्यत्र लावल्यास लाभ काय, एवढेच प्रश्न उरतात. ते न विचारल्यास बुडत्याचा पाय खोलांत जातो, आणि शेवटीं जमीन गहाण पडते.

वडिलोपार्जित अनुभव टाकून द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. अनुभव हेंच शेतीचें भांडवल होय. मात्र तें तोलून घेतलेलें असावें. येत्या हंगामांत सभासद बंधूंनीं आपल्या शेतांत एक तरी बिनटॉनिकाचा पट्टा राखावा, आणि दोन्ही बाजूंचें वजन या मासिकाकडे कळवावें. वजन उलट आलें, तरीही कळवावें.