पाईप बदलाल, पण पाणी सोडणार कुठे?

सौंदडला गडरलाईन नाही. मुंबई-कोलकाता महामार्गावर साकोली सोडून कोहमाऱ्याकडे निघालं की हे सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव लागतं. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर त्याचं स्टेशन आहे. गावात सिमेंटचे रस्ते आले, कडेने नाल्या आल्या, घरोघरी संडास आले. पण नागपुरात जशी रस्त्याखालून लाइन जाते आणि घरमालकाने आपला पाईप तिच्या चेंबरला जोडला की पुढची काळजी महानगरपालिकेची, तशी सोय इथे नाही. आपल्या घराची लाइन आपल्याच अंगणात किंवा सांदवाडीत संपते. तिच्या शेवटी टाकी असते, नाहीतर खड्डा.

खर्चाचा सगळा हिशेब या एका गोष्टीने बदलतो. संडास तुंबायला लागला, फरशीखालून ओल आली की मिस्त्रीला बोलावतात आणि लाइन बदलायला किती लागतील ते विचारतात. मिस्त्री म्हणतो, ‘‘भाऊ, फुटावर सांगू का ठेक्यानं?’’ भाव ठरतो, पाईप येतो, फरशी फुटते. मग पहिल्याच पावसाळ्यात पाणी पुन्हा भांड्यात उभं राहतं, कारण पाईपचा दोष नव्हताच. खड्डा पाणी घेत नव्हता.

पूर्व विदर्भ हा धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा प्रदेश आहे. रोवणीपासून धान पिकायला लागेपर्यंत बांध्यांत पाणी उभं असतं आणि जमिनीखालची पातळी वर येते. मे महिन्यात विहिरीचं पाणी खोल गेलेलं असतं, तेच श्रावण-भाद्रपदात हाताला लागेल इतकं वर दिसतं. शोषखड्डा खोदतात मात्र उन्हाळ्यात, कारण तेव्हा जमीन कोरडी असते आणि मजूरही मिळतात. कोरड्या मातीत पाणी सुरेख मुरतं. पावसाळ्यात भोवतालची जमीनच पाण्याने भरलेली असली तर खड्ड्यातलं पाणी जाणार कुठे? म्हणून काम उन्हाळ्यात करा, पण खड्ड्याची खोली आदल्या भाद्रपदातल्या विहिरीच्या पातळीवरून ठरवा. खड्ड्याचा तळ पावसाळी पातळीच्या किमान २ मीटर वर असावा, असं तंत्र सांगतं. ते जमत नसेल तर खड्डा उथळ घ्यायचा, त्याचा काही भाग जमिनीवर उचलून बांधायचा आणि भोवती रेतीचा थर द्यायचा. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान १० मीटर अंतर राखायचं. आपल्या विहिरीपासूनच नव्हे, शेजाऱ्याच्याही. शेजाऱ्याची विहीर लोक हमखास विसरतात.

दोन खड्ड्यांचा संडास ही या भागातल्या बहुतेक घरांना परवडणारी आणि माझ्या मते सर्वांत शहाणी रचना आहे. ती कोणत्या परदेशी पुस्तकातून आलेली नाही. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं म्हणून उपास केला होता. पुढे कणकवलीच्या आश्रमात त्यांनी सोनखताचे प्रयोग केले आणि ‘गोपुरी संडास’ तिथूनच नावारूपाला आला. देहूला डॉ. सु. वि. मापुसकरांनी गावातल्या घरांना संडास बांधायला लावण्यात आयुष्य घातलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैला वाहून न्यायचाच नाही, तो जागीच मातीत मिसळू द्यायचा, हे सूत्र महाराष्ट्राला जुनं आहे.

रचना साधी आहे. भांड्यातून येणारा पाईप एका छोट्या चेंबरमध्ये येतो आणि तिथून इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन वाटा दोन खड्ड्यांकडे जातात. एक वाट बंद ठेवायची. एक खड्डा भरायला घरात पाच-सहा माणसं असली तर काही वर्षं लागतात. तो भरला की वाट बदलायची. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आत वास नसलेलं, हाताळता येणारं खत तयार होतं. खड्डा साधारण १ मीटर व्यासाचा आणि तितकाच खोल, विटांची जाळी बांधलेला, तळ उघडा. दोन खड्ड्यांत निदान १ मीटर अंतर.

प्रत्यक्षात काय दिसतं? चेंबरमधल्या दोन्ही वाटा मोकळ्या, म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरतात. किंवा एका खड्ड्याचं पाणी पुढच्यात सोडलेलं. किंवा चेंबरवर फरशी बसवून टाकलेली, त्यामुळे वाट बदलायची तर घर फोडावं लागतं. न्हाणी आणि मोरीचं पाणीही याच खड्ड्यांत सोडलेलं असतं. अशा घरात ‘लाइन बदला’ म्हणून बोलावलेल्या मिस्त्रीने आधी ते चेंबर उघडून पाहिलं तर कित्येकदा विटेचा एक तुकडा आणि मूठभर सिमेंट एवढ्यावर काम भागतं.

सेप्टिक टाकीचं दुखणं उलटं आहे. ती गरजेपेक्षा कितीतरी मोठी बांधतात. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर एवढी टाकी पुरते. हजार-अकराशे लिटर झाले. आपल्याकडे घर बांधताना सर्रास १० बाय ८ बाय ८ फुटांचा हौद खोदतात, म्हणजे अठरा हजार लिटर. कारण काय, तर पुढची वीस वर्षं उपसायला नको. त्यात खाली काँक्रीट नाही, आतून गिलावा नाही. ती टाकी नव्हेच, झाकलेली विहीर आहे, आणि खऱ्या विहिरीची शेजारीण म्हणून ती शोभत नाही. टाकीत गाळ खाली बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते बाहेरचं पाणीही घाणच असतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. रस्त्याच्या नालीत सोडलं की आपला खर्च वाचतो आणि साऱ्या आळीच्या वाट्याला डास येतात.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. सक्शन गाडी जवळच्या शहरातून बोलवावी लागते आणि भाडं अंतराप्रमाणे वाढतं. तीन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावली तर हिशेब बरा पडतो. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ पासून हीच गोष्ट सगळ्या शहरासाठी केली आहे: वेळापत्रक लावून तीन वर्षांच्या फेरीत टाक्या उपसायच्या आणि पैसा घरपट्टीबरोबरच्या स्वच्छता करातून घ्यायचा. ग्रामपंचायतीला हे एकटीने झेपणार नाही, पण सडक अर्जुनी, सौंदड, कोहमारा यांनी मिळून एखादी गाडी ठरवायला काय हरकत आहे?

माणूस मात्र टाकीत उतरवायचा नाही. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने धोकादायक सफाईसाठी कोणालाही टाकीत किंवा गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो ठेकेदारापुरता नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात उतरून सफाई करताना होणाऱ्या मृत्यूंची भरपाई दहावरून तीस लाखांवर नेली. टाकीतल्या वायूचा वास पहिल्या क्षणी सडक्या अंड्यासारखा येतो आणि जास्त असला की नाकाला कळतही नाही. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

आता पाईपकडे येऊ, कारण कधीकधी दोष खरंच पाईपचा असतो. जुन्या घरांत चिनीमातीचे किंवा सिमेंटचे पाईप आहेत. त्यांचे सांधे खचतात आणि त्यातून वड-उंबराची मुळं आत शिरतात. प्लास्टिकचा पाईप सहसा फुटत नाही, त्याचा उतार जातो. तपासायला कॅमेरा लागत नाही. दोन चेंबरची झाकणं उघडा, एकात आरसा धरा, दुसऱ्यातून बॅटरी मारा. पाईप सरळ आणि मोकळा असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो, खचला असेल तर चंद्रकोर. दुसरी कसोटी भारतीय मानकातलीच: पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडायचा. तो खालच्या चेंबरमध्ये आपोआप आला पाहिजे. जिथे अडला तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढंच खोदा. चाळीस फुटांपैकी चारच फूट बदलावे लागले तर मिस्त्रीचा ठेका लहान होतो, म्हणून ही कसोटी तो स्वतःहून सुचवेल अशी आशा धरू नका.

पूर्ण लाइनच बदलायची ठरली तर पैसा कुठे जातो ते एकदा मांडून पाहा. संडासापासून टाकीपर्यंत १२ मीटर, म्हणजे चाळीस फूट. चार इंची, ११० मिलिमीटरचा पाईप. उतार ४० ला १ धरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटर खाली जायचं. चर सुरुवातीला ६० सेंटिमीटर खोल, शेवटी ९०, रुंदी ४५. माती निघते सुमारे ४ घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. मऊ माती असेल तर दोघांचं दोन दिवसांचं काम. खाली मुरूम लागला तर सब्बल आली आणि दिवस दुप्पट झाले. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती, पण त्या रोजीत खासगी खोदकामाला कोणी येत नाही, धान कापणीच्या दिवसांत तर दुप्पट देऊनही नाही. दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकली की तेंदूपत्ता सुरू होईपर्यंत मजूर मिळतात. हे काम त्या काळात काढलं तर मजुरीतच बरंच वाचतं.

पाईप सहा मीटरचे दोन किंवा तीन मीटरचे चार. दोनच घ्या, सांधे कमी होतात. दुकानात पाईप मागताना प्रकार विचारा. ‘अ’ प्रकारचा पातळ पाईप हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो. संडासाला ‘ब’ लागतो. पूर्ण जमिनीखालीच जाणार असेल तर त्यासाठी वेगळा जाड पाईप येतो. बिलात पाईपवर १८ टक्के जीएसटी असतो आणि सिमेंटवरचा सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आला आहे. जुन्या अंदाजपत्रकावर नवं काम घेणाऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही. एवढं करूनही एकूण खर्चात पाईपचा वाटा लहानच निघतो. मोठा खर्च फोडलेली फरशी पुन्हा बसवण्याचा असतो. घराच्या आतून गेलेली जुनी लाइन उकरण्यापेक्षा ती तशीच बंद करून नवी बाहेरच्या भिंतीलगत नेली, तर चार फूट पाईप वाढेल पण फरशी वाचेल.

काम चालू असताना घरच्यांनी दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवावं. चराच्या तळाला रेतीचा थर असावा आणि पाईपवरचा पहिला भराव चाळलेल्या मातीचा, दगड-विटांचे तुकडे नकोत. आणि दिवाळीच्या सुमारास धानाची पोती घेऊन ट्रॅक्टर ज्या वाटेने अंगणात येतो, तिथे पाईप काँक्रीटमध्ये बुजवून घ्यावा. भरलेली ट्रॉली एकदा वरून गेली की उतार जातो आणि दोष मिस्त्रीवर येतो. प्रत्येक वळणावर चेंबर हवंच, आणि त्याचं झाकण हलेल असं हवं.

रस्त्याची पातळी हा आणखी एक छुपा खर्च. गावोगावी जुन्या रस्त्यावर नवा सिमेंट रस्ता टाकतात, नाली वर येते आणि जुनं घर खड्ड्यात जातं. न्हाणीचं पाणी नालीत जात होतं, ते आता उलट येतं. अशा वेळी लाइन बदलून उपयोग नाही. पाण्याला चढ चढता येत नाही. न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी सांदवाडीत वेगळा शोषखड्डा काढणं हाच मार्ग. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून गावातल्या नाल्याच बिनकामाच्या केल्या आणि तोच पुढे ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. मोरीच्या पाण्याला आधी राख-खरकटं अडवणारी जाळी ठेवा, नाहीतर खड्डा दोन वर्षांत बुजेल.

सरकारकडून काय मिळतं? पात्र कुटुंबाला नव्या संडासासाठी स्वच्छ भारत मिशनचं १२,००० रुपयांचं प्रोत्साहन अनुदान आहे. जुनी लाइन बदलायला नाही. मात्र सांडपाण्याची सामुदायिक कामं ग्रामपंचायत करू शकते. मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपये धरले होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीतले ३० टक्के स्वच्छतेसाठी बांधलेले होते. तुमच्या आळीतल्या सहा घरांचं पाणी एकाच सखल जागी साचत असेल तर सहा जणांनी वेगवेगळे मिस्त्री बोलावण्याआधी ग्रामसभेत तो विषय आराखड्यात घ्यायला लावा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोणा नातेवाइकाला विचारलंत तर तो म्हणेल, तिकडेही घरापासून रस्त्याखालच्या मुख्य लाइनपर्यंतचा पाईप बहुतेक शहरांत घरमालकाचाच असतो, आणि तो बदलायला हजारो डॉलर मोजावे लागतात. तिथे लोक घर विकत घेण्याआधी त्या पाईपमध्ये कॅमेरा घालून बघतात. आपण घर घेताना सातबारा बघतो, नमुना आठ बघतो, पण टाकीचं झाकण उघडत नाही.

मिस्त्रीशी व्यवहार करताना ठेका एकरकमी ठरवण्यापेक्षा खोदकाम ब्रासवर, पाईप बिलाप्रमाणे आणि बसवणूक फुटावर असा तीन तुकड्यांत लिहून घ्या. चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा आणि अर्धा तास पातळी उतरते का पाहा. मगच माती टाकू द्या. उघड्या चरावर टेप ठेवून मोबाइलने फोटो काढा. भिंतीपासून किती फुटांवर वळण, किती खोल, चेंबर कुठे, एवढं कागदावर उतरवून घरटॅक्सच्या पावत्यांच्या फाइलमध्ये लावा. शेवटचा हप्ता जोरदार पाऊस पडून गेल्यावर द्या.