होमस्टक: संपूनही न संपलेली गोष्ट
अमेरिकी चित्रकथाकार अँड्र्यू हसी यांची ‘होमस्टक’ ही वेबकॉमिक १३ एप्रिल २००९ रोजी सुरू झाली आणि बरोबर ७ वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ला थांबली. मधल्या काळात ८,००० हून अधिक पानं झाली: स्थिर चित्रं, हलती चित्रं, संगीत, छोटे खेळ आणि पात्रांच्या लांबच लांब चॅट. सुरुवातीला तर पुढे काय घडावं हे वाचकच सुचवत. त्यांचा जीव शेवटात अडकला होता तो म्हणूनच. हाती आली ती काही मिनिटांची, संवाद नसलेली अ‍ॅनिमेशन फिल्म. देखणी, पण पात्रांच्या पुढच्या आयुष्याबद्दल मुकी. वाचकांत तट पडले. मला नाराजांचं म्हणणं पटतं: जी पात्रं हजारो पानं अखंड बोलत राहिली, त्यांचा निरोपही त्यांच्याच शब्दांत हवा होता. एप्रिल २०१९मध्ये उपसंहार आला, तोही दोन वाटांचा: ‘मीट’ आणि ‘कँडी’. आधी कोणती धरायची, हे वाचकाने ठरवायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला पुढचा भाग मध्येच बंद पडला. २०२३मध्ये नव्या चमूने तो पुन्हा हाती घेतला.