दोन पडद्यांचा संगणक : दृष्टीआड गेलेली चौकट

देशातील पहिले आधार पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. आधार नोंदणीच्या संगणकास दोन पडदे असतात : एक चालकासमोर, दुसरा नागरिकासमोर. नोंदविलेली माहिती नागरिकाने स्वतः पाहून तपासावी, हा दुसऱ्या पडद्याचा हेतू होय. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या खकनार तालुक्यात याचे महत्त्व विशेष आहे. कारण मराठीतील ‘पाटील’ हिंदीत पुष्कळदा ‘पाटिल’ असे लिहिले जाते.

कधी कधी मात्र हा पडदा रिकामाच राहतो किंवा माहितीची चौकट दोन्हीकडे दिसत नाही. अशा वेळी प्रथम पडद्याची तार व वीजजोडणी तपासावी. त्यानंतर ‘विंडोज’ व ‘पी’ या कळा एकत्र दाबाव्यात. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास दोन पडदे मिळून एकच लांब पडदा होतो व चौकट एकाच बाजूस राहते. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे सारखेच चित्र दिसते. चौकट दुसऱ्या पडद्यावर गेली असल्यास ‘विंडोज’ व ‘शिफ्ट’ दाबून ठेवून डाव्या अथवा उजव्या बाणाची कळ दाबावी. ती परत येते.

नागरिकांनीही संकोच बाळगू नये. समोरचा पडदा रिकामा असेल, तर तो सुरू करण्याची विनंती करावी आणि आपले नाव, जन्मतारीख व पत्ता वाचल्यावाचून नोंदीस संमती देऊ नये. वाचता येत नसल्यास सोबतच्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावे. क्षणभराची ही दक्षता पुढील अनेक हेलपाटे वाचवील.