चमचा बांबूचा, किंमत नावाची

जपानमध्ये चहापानाचा एक जुना विधी आहे. तेथे चहाची पत्ती उकळत नाहीत. हिरव्या पानांची मैद्यासारखी बारीक पूड वाडग्यात घालतात, गरम पाणी ओततात आणि बांबूच्या रवीने फेटतात. ही पूड डबीतून काढण्याच्या चमच्याला 'चाशाकू' म्हणतात. सुमारे १८ सेंटिमीटर लांबीची बांबूची कामटी, एक टोक वाकवलेले. बस्स, एवढीच वस्तू! पण तिची कदर कशी होते, हे आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

सुरुवातीला असे चमचे चीनहून येत. ते हस्तिदंताचे किंवा धातूचे असत. पुढे बांबू वापरात आला, पण बांबूची गाठ टाळली जाई किंवा टोकाकडे ठेवली जाई. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) या चहाच्या उस्तादाने ती गाठ चमच्याच्या मधोमध आणली. लोक ज्याला खोट समजत होते, तीच पुढे चमच्याची ओळख ठरली.

बनवण्याची रीत साधी, पण हात मुरलेला हवा. कामटीचे टोक पाण्यात भिजवून आचेवर शेकतात, हळूहळू वाकवतात आणि थंड होईपर्यंत धरून ठेवतात. नंतर सुरीने तासतात. जुन्या शाकारलेल्या घरांच्या छपरात वर्षानुवर्षे चुलीचा धूर खाऊन तपकिरी झालेल्या बांबूला विशेष मान आहे. अशी घरे कमी होत चालल्याने तो बांबूही दुर्मिळ झाला आहे.

चमचा पाण्याने धूत नाहीत. यजमान रेशमी रुमालाने पुसतो. आम्हा कापडवाल्यांना हे वाचून बरे वाटते! चहा झाल्यावर पाहुणा दोन गोष्टी विचारतो: हा चमचा कोणी घडवला आणि याचे नाव काय? नामांकित चमच्याला स्वतःचे नाव असते आणि ते त्याच्या बांबूच्या नळीवर लिहितात. तोयोतोमी हिदेयोशीच्या हुकुमाने १५९१ साली रिक्यूला मरण पत्करावे लागले. त्यापूर्वी त्याने घडवलेला 'अश्रू' नावाचा चमचा आज नागोया येथील तोकुगावा संग्रहालयात आहे.

मात्र याला दुसरी बाजूही आहे. अनेकदा कच्चे तासकाम एखादा कारागीर करी, शेवटचा हात उस्तादाचा असे आणि नळीवर नाव उस्तादाचेच येई. नारा प्रांतातील ताकायामा गाव चहाच्या रव्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे चमचेही बनतात. तेथील रवीला १९७५ साली सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. तरीही चीनमधल्या स्वस्त मालाशी या गावाला झगडावे लागते. स्वस्ताईत त्याला बरोबरी करता येत नाही. गावाचे नाव आणि कारागिराचा हात, हेच त्याचे भांडवल.

आपल्याकडे विणकराचे ठाण चार हातांतून फिरते आणि दुकानात पोहोचेपर्यंत त्याचे नाव पुसले जाते. गिऱ्हाईकही विचारत नाही, कारण आपण कधी सांगत नाही. आमचे म्हणणे एवढेच की हातकामाच्या प्रत्येक नगासोबत कारागिराचे व गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी द्यावी. खर्च पैशांचा, पण उद्या गिऱ्हाईक तेच नाव घेऊन दुकानात येईल आणि त्या कारागिराला भाव मागताना मान खाली घालावी लागणार नाही.