शनवार तेल्यांचा अभ्यास

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारी एक जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. शनिवारी तिचे घाणे बंद, म्हणून गावकरी या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नि पर नसलेला मासा खायचा नाही, शनिवारी काम करायचं नाही, एवढे आचार त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. हिब्रू भाषा मात्र हातची गेली होती. ग्रंथ नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हतं, शिकवणाराही नव्हता. सुंता असो, लग्न असो की मयत, ओठांवर हिब्रूतलं एकच वचन असे: ‘शेमा इस्राएल’, म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू.

ज्यू धर्मशास्त्रात ही अवस्था साधी नव्हे. तिथे धर्मग्रंथांचा अभ्यास हा विद्वानांचा छंद नसून रोजचं कर्तव्य आहे. मोशेच्या पाचव्या पुस्तकात आज्ञा आहे की ही वचनं मुलांना शिकवा. घरात बसताना, वाट चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोला. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे वैद्य आणि धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी या आज्ञेला कायद्याची चौकट दिली. गरीब असो वा श्रीमंत, धडधाकट असो वा दुखणाईत, तरुण असो वा थकलेला म्हातारा, प्रत्येक पुरुषाने दिवसाचा आणि रात्रीचा काही वेळ अभ्यासासाठी बांधून ठेवलाच पाहिजे. दारोदार भीक मागणाऱ्यालाही सूट नाही, बायकापोरांच्या संसारात बुडालेल्यालाही नाही. हे कधीपर्यंत? मरणाच्या दिवसापर्यंत.

गरिबीच्या सबबीवर तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथात हिलेलची गोष्ट येते. हिलेल मजुरी करायचा आणि निम्मी कमाई पाठशाळेच्या दारवानाला द्यायचा. एके दिवशी काम मिळालं नाही, दारवानाने आत सोडलं नाही. हिलेल छपरावर चढला आणि झरोक्याला कान लावून पाठ ऐकत पडला. रात्री बर्फ पडलं. सकाळी वर्गात उजेड का येत नाही म्हणून गुरूंनी वर पाहिलं, तेव्हा बर्फाखाली माणूस दिसला. पुढे हाच हिलेल ज्यू परंपरेतला फार मोठा आचार्य झाला.

सगळे हिलेल नसतात, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अभ्यास लोकांच्या वाटेवर आणून ठेवला. तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचं, जाहीर वाचन शनिवारी तर होतंच, शिवाय सोमवारी आणि गुरुवारीही होतं. प्राचीन काळी खेड्यातले लोक या दोन दिवशी गावात येत, न्यायसभाही तेव्हाच बसत. शिरूर किंवा दौंडच्या आठवडे बाजाराला आलेला शेतकरी जशी तहसील कचेरीतली कामंही उरकून घेतो, तसा तो माणूस तोरा ऐकून घरी परते. पाचही पुस्तकं वर्षभरात वाचून होतील अशी त्यांची साप्ताहिक भागांत वाटणी केलेली आहे. प्रत्येकाने तो आठवड्याचा भाग स्वतःही वाचायचा, मूळ दोनदा आणि भाषांतर एकदा. मुळात हे भाषांतर अरामी होतं, तेव्हाच्या बोलीभाषेतलं.

आता प्रश्न कोकणातल्या घाण्यांचा. ज्याला काहीच वाचता येत नाही, त्याने हे कर्तव्य कसं पार पाडायचं? तालमूदमध्ये यावर मोठा मार्मिक संवाद आहे. सकाळ-संध्याकाळ फक्त शेमा म्हटला तरी ‘हा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ नये’ ही आज्ञा पाळली गेली, असा एक निवाडा येतो. मात्र ही सवलत अडाण्यांना सांगायची नाही, नाहीतर ते आणखी शिकणारच नाहीत, अशी पुस्तीही त्याला जोडली आहे. त्यावर रावा नावाचे आचार्य नेमकं उलट म्हणतात: अडाण्यांना हे सांगणं पुण्याचंच काम आहे! शनवार तेल्यांपर्यंत यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. तरीही कायद्याने कमीत कमी म्हणून जो शेमा मागितला, नेमका तोच त्यांनी जपला होता.

शिकवणारे पुढे बाहेरून आले. परंपरेनुसार दावीद राहाबी नावाच्या पाहुण्याने या लोकांचे आचार पाहून त्यांना ज्यू म्हणून ओळखलं आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून ‘काजी’ नेमलं. १७९६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनचे ज्यू शिक्षक मुंबईत आणि कोकणात येऊन प्रार्थना, पठण, सणवार शिकवू लागले. शेलोमो सालेम शुराबी हे त्यांतलेच एक.

दुसरी मदत अनपेक्षित दिशेने आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं शिकली, मराठी बायबलमधून आपल्याच पूर्वजांच्या कथा त्यांनी वाचल्या. मिशनऱ्यांची अपेक्षा धर्मांतराची होती. धर्मांतर फारच थोड्यांनी केलं. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं आणि ते सिनेगॉगमध्ये नेलं.

आता भाषांतराचं काम मराठीकडे आलं. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह निघाली. १८७४ मध्ये मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी पुण्यात अशीच सचित्र हग्गादा छापवली. तिच्यातल्या बायका साडी नेसून, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या रात्री धाकट्याने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी इजिप्तमधल्या गुलामगिरीची कहाणी सांगायची असा दंडक आहे. मुलांना शिकवण्याची आज्ञा इथे थेट जेवणाच्या पंगतीत येऊन बसते. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. १८८०च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं लावणारी कीर्तनंही सुरू झाली. ज्यांना हिब्रू येत नव्हतं, त्यांनाही ती ऐकता येत होती.

स्त्रियांवर अभ्यासाचं कर्तव्य धर्मशास्त्राने लादलेलं नाही, आणि याच सबबीखाली अनेक देशांत त्यांना ग्रंथांपासून दूर ठेवलं गेलं. बेने इस्राएलांत वेगळं चित्र उभं राहिलं. हाईम सॅम्युअल किहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा निघाली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रिबेका रूबेन १९०५ मध्ये मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि पुढे त्याच इस्राएली शाळेच्या प्रमुख झाल्या. १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

एवढं होऊनही परंपरेत पडलेल्या जुन्या खंडाची किंमत मोजावी लागलीच. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल नव्या इस्राएल देशात गेले. ग्रंथांपासून तुटलेल्या काळात घटस्फोट आणि विधवाविवाहाचे नियम त्यांनी शास्त्राप्रमाणे पाळले असतील का, अशी शंका तिथल्या काही धर्मगुरूंनी काढली आणि बेने इस्राएलांच्या लग्नांत अडथळे येऊ लागले. धरणं धरलं गेलं, निदर्शनं झाली. अखेर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

पुणे शहरात आजही दोन सिनेगॉग उभी आहेत. कॅम्पातलं लाल विटांचं ‘लाल देऊळ’, म्हणजे ओहेल दावीद, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पूर्ण झालं. रास्ता पेठेतलं सुक्काथ शेलोमो १९२१ सालचं. स्थलांतरानंतर भारतात बेने इस्राएलांची संख्या काही हजारांवर आली आहे. तोराच्या जाहीर वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि लहान वस्तीत ते जमवणं हीच मोठी अडचण असते. अभ्यासाला मात्र कोरमची अट नाही. एकट्याने बसून वाचलं तरी तो पुरा धरला जातो.

एकट्याने वाचणाऱ्यांना १९२३ मध्ये जगभराची सोबत मिळाली. व्हिएन्नातल्या एका परिषदेत पोलंडचे तरुण धर्मगुरू मेइर शापिरो यांनी सुचवलं की सगळ्यांनी तालमूदचं एकच पान एकाच दिवशी वाचावं. २७११ पानं संपायला साधारण साडेसात वर्षं लागतात. चौदावी फेरी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली, आणि त्याच दिवशी जेरुसलेममध्ये तेरावी फेरी पुरी करणाऱ्या स्त्रियांचा मोठा मेळावा भरला होता.

आता तालमूद मोबाइलवर फुकट वाचता येतो, त्यामुळे दौंड जंक्शनवरचा रेल्वे कर्मचारी असो की शिरूरचा दुकानदार, पान दोघांच्याही हातात येऊ शकतं. अडतो तो वेळ, आणि त्यावरही कायदा गप्प नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेला ‘शुल्हान आरुख’ सांगतो की अभ्यासाची वेळ ठरली की ती चुकवायची नाही, मोठा नफा समोर दिसत असला तरीही. पण दिवसपाळीत नेम राहूनच गेला तर? तालमूदमधले एक आचार्य दिवसाचा अभ्यास उसना ठेवत आणि रात्री फेडत. कारोंनी तीच रीत नियमात घातली: दिवसाचं राहिलेलं त्याच रात्री पुरं करायचं.